चौदा नंबरचा शिक्का

माल तपासणाऱ्या ओडेट गॅनियनचा चौदा नंबरचा शिक्का बसल्याशिवाय आमच्या गिरणीतून एकही पॉवर सप्लाय, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, बाहेर पडत नसे. गिरणी म्हणायची आमची सवय. लोकरीचे माग जाऊन तिथे कॉम्प्युटर आले, त्याला तीस वर्षं झाली होती. कॉम्प्युटर ज्यात बसवत, त्या पत्र्याच्या कपाटांच्या खात्यात मी होतो. कपाट आमचं, चिप आमची, डिस्क आमची, प्रोग्रामही आमचा. त्याचा आम्हाला कोण माज होता.

ओडेटला तर जास्तच. तिच्या मुलाला, रेमीला, नदीपलीकडच्या एका छोट्या कंपनीने कामाला बोलावलं होतं. ती कंपनी नुसते पॉवर सप्लाय बनवायची आणि मागेल त्याला विकायची. दर शनिवारी रात्री आमच्याकडे बीन्स शिजत, त्या वाढता वाढता ओडेटने त्याला झापलं.

"एकच तुकडा बनवायचा नि दारोदार विकायचा, त्याला कंपनी म्हणतात होय रे? मुकाट्याने माझ्या खात्यात ये."

मी जेवायला होतो. मीही हसलो, याची आज लाज वाटते. रेमीने त्या कंपनीला नाही म्हटलं आणि आईच्या खात्यात आला.

पुढे सगळीकडे तीच रीत झाली. चिप एकाकडून, डिस्क दुसऱ्याकडून, प्रोग्राम तिसऱ्याकडून घ्यायचा, टेबलावर जोडायचा आणि आमच्या चौथाई किमतीत विकायचा. साहेबांचे डोळे उघडले तोवर निम्मं गिऱ्हाईक गेलं होतं. त्यांनी नदीपलीकडच्या त्याच कंपनीकडून चाळीस पॉवर सप्लाय मागवले आणि तपासायला ओडेटकडेच दिले. ते पास झाले की तिचं खातं बंद, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

नियमाप्रमाणे तिने ते तीन दिवस गरम खोलीत चालू ठेवले. चौथा दिवस तिने पदरचा घातला. एखादा तरी जळावा म्हणून चर्चमध्ये मेणबत्ती लावून आली. एकही जळला नाही.

मी म्हटलं, एखादा स्क्रू ढिला निघाला म्हणून लिही.

"चाळीसही चांगले आहेत, जिल्बेर," ती म्हणाली. "आपल्यापेक्षा हलके आहेत आणि चांगले आहेत." शेजारच्या टेबलावरून रेमी बघत असताना तिने चाळीस शिक्के मारले.

महिन्याभरात खातं बंद झालं. रेमी नदीपलीकडे काम आहे का विचारायला गेला. त्या शनिवारी मी पुन्हा त्यांच्याकडे जेवायला होतो.

"काय म्हणाले?" ओडेटने विचारलं.

"एक जागा आहे, मा. माल तपासायला. आपल्या साहेबांनी पाठवलेल्या कागदांवर तुझे शिक्के त्यांनी पाहिलेत." त्याने ताटली पुढे केली. "तुला बोलावलंय. माझी जागा मी नाही म्हटलं तेव्हाच भरली."

ओडेटने डाव भरून त्याच्या ताटलीत बीन्स वाढल्या.