शतावरीचा दोरा

मरोद्यात कोणाच्या घरी पाळणा हलला की बाळंतिणीच्या दुधासाठी रमाबाईंच्या गॅसवर शतावरी उकळायला लागे. वर्ध्याहून लग्न होऊन त्या इथे, हिंदी मुलखातल्या पोलाद प्लांटच्या क्वार्टरमध्ये आल्या, तेव्हापासूनचा हा खटाटोप. दुकानातलं वाळलेलं मूळ त्यांना चालत नसे. कॅम्प-१च्या बाजारात बसणाऱ्या, जंगलाकडच्या राधाबाईकडूनच ओली मुळं घ्यायची. बोटाएवढी, पांढुरकी, दोन्ही टोकांना निमुळती. प्रत्येक मूळ सोलायचं, उभं चिरायचं आणि आतला चिवट दोरा ओढून काढायचा. दोरा निघाला तरच ती शतावरी. या बाबतीत बाई ब्रह्मदेवाचंही ऐकायच्या नाहीत.

यंदा तर घरच्या सुनेचंच, मुलाच्या, कौस्तुभच्या बायकोचं बाळंतपण. आधी आणलेली मुळं संपली आणि नेमकी राधाबाई बाजारात आली नाही. रमाबाईंनी दुसऱ्याच ठेल्यावरून मुळं उचलली. बोटं सुजलेली, दोरे काढत कोण बसणार? मुळं धुतली, मिक्सरमध्ये फिरवली आणि दुधात उकळून, गाळून गीतांजलीला पेलाभर दिली. पेला नेहमीसारखा धुऊन परत आला.

मग पिशवी झटकताना तळाशी एक तुकडा सापडला. नांगरासारखा वाकडा, एक फाटा तुटलेला. रमाबाईंनी तो मोडून पाहिला. आत नुसता पिठूळ गर, दोरा नाही. हा तर कळलावीचा विषारी कंद! आणि तुटलेला फाटा पिशवीत कुठेच नव्हता.

धडपडत त्या सुनेच्या खोलीत गेल्या. गीतांजली बाळाला पाजत होती.

"पाजू नको त्याले! आधी बाजूला घे!" रमाबाई ओरडल्या. "त्या दुधात विषाचं मूळ गेलं वाटते माझ्या हातून. तोंड जळून राहिलं का तुझं? कौस्तुभले फोन लाव, दवाखान्यात जाऊ!"

गीतांजली पांढरीफटक पडली. मग तिनं मान खाली घातली.

"आई, मी पिलीच नाही."

"म्हणजे?"

"आजच नाही, कधीच नाही. वो बास मुझसे सहन नहीं होती. मोरीत ओतून देते. तुमाले वाईट वाटीन म्हणून बोलली नाही."

रमाबाई मटकन खाली बसल्या. सुनेला दूध भरपूर आलं ते आपल्या शतावरीनं, असं त्यांनी अख्ख्या मरोद्यात सांगून ठेवलं होतं. एरवी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आता त्यांनी सुनेचे हात घट्ट धरले आणि त्या ढसाढसा रडल्या.

"लय बेस केलं, माय," त्या म्हणाल्या. "लय बेस केलं."