कुलबीरवर कोणी ओरडत नव्हतं

"हॅमस्ट्रिंग गेलीय असं सांगून टाका, मॅडम," कोच लिम म्हणाले. "सिम्पल लाह. सीझनभर विश्रांती. सगळ्यांची अब्रू राहील."

'लाह' हे सिंगापुरी बोलण्यातलं शेपूट, आपल्या 'ना'सारखं. हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू. हॉकीत तो हमखास दुखावतो, त्यामुळे त्याचं नाव घेतलं की कुणी शंका काढत नाही. ज्याची हॅमस्ट्रिंग गेल्याचं मी सांगायचं होतं, तो कुलबीर त्या वेळी खिडकीबाहेर टर्फवर हरणासारखा पळत होता.

"हॅमस्ट्रिंग उत्तम आहे त्याची," मी म्हटलं.

"मग खेळ का होत नाही?"

"शनिवारच्या मॅचपर्यंत थांबा," मी म्हणाले. लिमनी खांदे उडवले. शनिवारनंतर तसंही त्याला ठेवायचं की नाही हे ठरवायला क्लबची कमिटी बसणार होती.

मी फिजिओथेरपिस्ट. मूळची नागपूरची. दोन हजारच्या दशकात आम्ही सिंगापुरात, जुरोंग ईस्टला राहत होतो. दिवसभर हॉस्पिटलात लोकांचे गुडघे आणि कंबरा बघायच्या, आणि काही संध्याकाळी हॉस्पिटलच्याच करारानुसार या हॉकी क्लबात जायचं. हॉकी मला बेताचीच कळायची. तिथे माझं काम स्नायूंशी होतं, गोलांशी नाही.

कुलबीर आमच्याकडे आला तो ट्रेडमध्ये. ट्रेड म्हणजे खेळाडूंची अदलाबदल. मोठ्या लीगमध्ये ती रोजची गोष्ट. आमच्या लहानशा लीगमध्ये क्वचित व्हायची. दोन क्लबांचे मॅनेजर फोनवर बोलले. आमचा गोलकीपर बॉबी तिकडे गेला, आणि तिकडचा स्टार सेंटर फॉरवर्ड कुलबीर इकडे आला. दोघांनाही ही बातमी ठरल्यानंतरच कळली. हल्ली लग्न ठरवतानासुद्धा मुलीला विचारतात, पण खेळाडूला कोण विचारतो!

कुलबीर जालंधरचा. एके काळी इंडियाच्या कॅम्पपर्यंत जाऊन आलेला. जुन्या क्लबात हा माणूस गोलांचा नुसता सडा घालायचा. आमच्याकडे आला आणि सगळं आटलं. चेंडू यायचा, स्टिकला लागायचा आणि उडून जायचा. सोपा पाससुद्धा अडेना. नव्याचे नऊ दिवस संपले तशी कुजबुज सुरू झाली. वय झालं म्हणे. तिकडच्यांनी ते ओळखूनच गळ्यात मारला म्हणे.

ही कुजबुज त्याला परवडणारी नव्हती. त्याचा वर्क पास क्लबच्या भरवशावर होता. क्लबने सोडलं की पास रद्द, आणि पास रद्द म्हणजे बॅगा भरा. बायको आणि चार वर्षांची मुलगी नुकत्याच जालंधरहून आल्या होत्या. पुंगोलला भाड्याचा फ्लॅट घेतला होता. मुलगी किंडरगार्टनला लागली होती आणि रोज एलआरटी या बिनड्रायव्हरच्या छोट्या रेल्वेत पुढच्या काचेला नाक लावून उभी राहायला मिळतं म्हणून शाळेवर खूश होती. हे सगळं तो मला मसाज घेता घेता सांगायचा. लिमना वाटत होतं की दुखापतीच्या नावाखाली गेला तर निदान सन्मानाने जाईल. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण सीझनभर न खेळणाऱ्याचा पास क्लबने ठेवला नसता, आणि जालंधरला तर जावंच लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कुलबीरला टेबलावर घेतलं आणि टाचेपासून तपासत वर आले. घोटा, गुडघा, मांडी, कंबर. सगळं ठणठणीत.

"कहाँ दर्द है?"

"कहीं नहीं, मॅडमजी."

खेळाडूंच्या 'कहीं नहीं'वर मी कधीच विश्वास ठेवत नाही. पण खरंच काही सापडेना. तेवढ्यात तो उठून बसला आणि मागच्या खुर्चीवरचा टी-शर्ट घ्यायला वळला. नुसती मान वळवून नाही. खांद्यांसकट, कमरेसकट अख्खाच वळला.

"मानेला काय झालंय?"

"कुछ नहीं. तकिया खराब है."

मी हात लावून पाहिलं. एका बाजूचा स्नायू सुक्या खोबऱ्यासारखा कडक झाला होता. दुसरी बाजू मऊ.

अवघडलेल्या माना मी पोत्याने पाहिल्या आहेत. आपली पुण्या-मुंबईची आयटीतली निम्मी मंडळी तेवढ्यासाठीच माझ्याकडे यायची. पण कॉम्प्युटरची मान पाठीमागून आखडते, दोन्हीकडे सारखी. ही तशी नव्हती. अशी एकांगी मान मी पाहिली होती ती गोदामात फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यांची. ती माणसं दिवसभर एकाच खांद्यावरून मागे बघत गाडी रिव्हर्स घेतात. आता सेंटर फॉरवर्डला फोर्कलिफ्टवाल्याची मान कशी आली?

"खेळताना मागे बघतोस का रे?" मी विचारलं. माझं हिंदी-मराठी त्याला आता पाठ झालं होतं.

"बार बार देखना पडता है."

"जुन्या टीममध्येही बघायचास?"

बहुतेक हा प्रश्न त्याने स्वतःलाही विचारला नव्हता. "नहीं," तो म्हणाला. "वहाँ बता देते थे."

हे जरा समजावून सांगते. सेंटर फॉरवर्ड बऱ्याचदा समोरच्या गोलकडे पाठ करून चेंडू घेतो. प्रतिस्पर्धी येतो तो पाठीमागून. डोळे चेंडूवर ठेवायचे तर मागचं दिसत नाही. ते सांगायचं काम सोबत्यांचं. "मॅन!" म्हणजे मागे माणूस आहे. "टर्न!" म्हणजे मागे कोणी नाही, वळ. या आरोळ्या थांबल्या की बिचाऱ्याला दर वेळी स्वतः वळून बघावं लागतं. तो बघतो त्याच क्षणी चेंडू पोचतो आणि स्टिकवरून उडतो.

"आणि इथे कोणी सांगत नाही?"

"यहाँ मुझसे कोई बात ही नहीं करता, मॅडमजी." तो टी-शर्टची बाही उगाच ओढत होता. "बॉबी इनका यार था. मैं उसकी जगह आया हूँ. मैं भी होता तो..."

थोडक्यात, सगळी टीम आपल्याला पाण्यात पाहते अशी त्याची पक्की समजूत होती.

"मग तू विचारायचंस ना त्यांना!"

"नया आदमी हूँ. आते ही हुकूम चलाऊँ?"

मला फार वाईट वाटलं. एवढा मोठा खेळाडू इतके दिवस तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होता, आणि आम्ही त्याच्या मांड्या तपासत बसलो होतो.

मग मी प्रॅक्टिस बघायला नाही, ऐकायला गेले. टर्फच्या कडेला उभी राहिले. मैदानावर नुसता कालवा होता. "पास लाह! बिहाइंड यू लाह! आय्यो, सो स्लो!" आणि चेंडू कुलबीरकडे गेला की एकदम सामसूम. वर्गात हेडमास्तर आल्यासारखी. चेंडू त्याच्याकडून सुटला की पुन्हा कालवा.

पाण्याच्या कूलरपाशी मी कॅप्टनला गाठलं. फैझल त्याचं नाव. तो सेंटर हाफ खेळायचा, म्हणजे मधल्या फळीतून पुढे चेंडू पुरवणारा. एरवी एका शाळेत शिक्षक. अतिशय सभ्य माणूस, आणि तीच सगळी अडचण निघाली.

"कुलबीरला तुम्ही हाक का देत नाही?"

त्याचा चेहरा असा झाला की जणू मी त्याला काही भलतंच करायला सांगितलं. "मॅडम, ही इज सीनिअर. इंडिया कॅम्पचा प्लेअर. मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून ठेवलंय, त्याला शिकवायला जायचं नाही. वी मस्ट गिव्ह रिस्पेक्ट."

"'मॅन!' म्हणण्यात कसलं आलंय शिकवणं?"

"एकदा एक जण ओरडला होता. कुलबीरने असं बघितलं त्याच्याकडे! व्हेरी अँग्री फेस."

तो चेहरा मला माहीत होता. कुलबीर स्वस्थ बसलेला असला तरी पोलिस चौकीत बसलेल्या फौजदारासारखा दिसतो. त्याला त्याचा इलाज नाही.

"आणि बॉबीचं काय? बॉबी गेला याचा राग आहे ना तुम्हाला?"

"बॉबी?" फैझल हसायलाच लागला. "बॉबी तिकडे मजेत आहे. रविवारी ईस्ट कोस्टच्या समुद्रावर आम्ही सगळ्यांनी साते कबाब खाल्ले त्याच्यासोबत. कुलबीरला बोलवणार होतो, पण वाटलं, एवढा मोठा माणूस, कशाला त्रास द्या."

मला आधी हसू आलं आणि मग संताप आला. अति तिथे माती म्हणतात ती हीच. इकडे हे आदराने गप्प. तिकडे तो नवखा म्हणून गप्प. आणि एका माणसाचा संसार त्यापायी परत जालंधरला निघाला होता.

"त्याला वाटतंय तुम्ही त्याचा द्वेष करता," मी सांगून टाकलं.

"आय्यो," फैझल म्हणाला.

आता हाका मारू असा त्याने शब्द दिला आणि पाळलाही. पुढच्या डावात पोरं कुलबीरला हाका मारायला लागली. कशा, तर "कुलबीर सर, प्लीज, समवन बिहाइंड." एवढं अदबशीर वाक्य पुरं होईपर्यंत मागचा माणूस चेंडू घेऊन पसार झालेला असायचा. सवय शब्द देऊन जात नाही. स्नायूंची जात नाही, माणसांची कशी जाईल?

मी लिमकडे गेले. "दुखणं मानेत आहे."

"म्हणजे खेळू शकणार नाही?"

"खेळू शकतो. त्याच्यावर ओरडायला हवं."

"कमिटीत सगळे तेच करतायत, मॅडम."

"कमिटीने नाही, टीमने." मग मी सगळं सांगितलं. लिमनी ऐकून घेतलं. पटलं असं दिसलं नाही, पण शुक्रवारच्या प्रॅक्टिसचा थोडा वेळ त्यांनी मला दिला.

शुक्रवारी मी हॉस्पिटलातून एक सॉफ्ट कॉलर आणली. मान दुखणाऱ्यांना गळ्याभोवती बांधायला देतो ती फोमची जाड पट्टी. ती घातली की मान फारशी वळत नाही. कुलबीरने ती बघितली आणि दोन पावलं मागे सरला.

"मॅडमजी, इज्जत का फालूदा हो जाएगा."

"शनिवारी व्हायचा त्यापेक्षा आज झालेला बरा. बांध."

नियम मी ठरवले. सगळं चालत्या वेगाने, कुणी धक्का द्यायचा नाही, मागून येणाऱ्याने फक्त स्टिक घालून चेंडू काढायचा. कुठल्याही पुस्तकात हा उपचार नाही, हे मला पूर्ण माहीत होतं. माझ्या हॉस्पिटलच्या हेडनी ते दृश्य पाहिलं असतं तर काय म्हणाले असते, हा विचार मी करायचं टाळलं.

तर आमचा स्टार पांढरी कॉलर बांधून, गोलकडे पाठ करून उभा राहिला. पहिला पास. मागून एकाने अलगद चेंडू काढून नेला. दुसरा पास, तेच. तिसरा, तेच. कुलबीरला काही म्हणजे काही दिसत नव्हतं, आणि त्याला काही दिसत नाहीये हे टीममधल्या प्रत्येकाला दिसत होतं. कोणी हसलं नाही. सगळे कासावीस होऊन बघत होते. मलाही वाटायला लागलं की मी या माणसाची उगाच विटंबना मांडलीय. कॉलर काढायला मी पुढे निघालेच होते.

तेवढ्यात फैझलला राहवलं नाही. "लेफ्ट!" तो किंचाळला. "लेफ्ट लाह, लेफ्ट! ब्लर ऑर व्हॉट?"

ब्लर म्हणजे तिथल्या बोलीत बावळट. फैझलने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

पण कुलबीर डावीकडे सरकला होता. मागचा माणूस हवेत स्टिक घालून पुढे निघून गेला, आणि चेंडू कुलबीरच्या स्टिकवर होता. तो खांद्यांसकट फैझलकडे वळला. तोच फौजदारी चेहरा.

"लाउडर," तो म्हणाला. "मोर लाउडर. ओके?"

आणि हसला. टीमने त्याला हसताना बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. मग जो आरडाओरडा सुरू झाला तो शेजारच्या कॉन्डोमधल्या बाईने गॅलरीतून हाक मारेपर्यंत थांबला नाही.

शनिवारी चमत्कार वगैरे झाला नाही. पहिल्या हाफमध्ये कुलबीरने चेंडू बऱ्याचदा गमावला. कुंपणाशी त्याची बायको मुलीला कडेवर घेऊन उभी होती, आणि तिच्याकडे बघायचा मला धीर होत नव्हता. आम्ही एका गोलने मागे होतो. दुसऱ्या हाफमध्ये फैझलने मधून लांब पास दिला आणि सगळी ताकद लावून ओरडला, "टर्न!" कुलबीरने मागे बघितलं नाही. तो वळला, आणि वळता वळताच त्याने फटका मारला. गोलकीपरच्या पॅडला लागून चेंडू परत आला आणि आमच्या टीमच्या दुसऱ्या एका पोराने तो आत ढकलला. मॅच बरोबरीत सुटली.

"गोल त्याने केला नाही," लिम म्हणाले.

"नाही केला."

"पण आता तो आमच्यात खेळतोय." मग वळून निघता निघता म्हणाले, "कमिटीचं मी बघतो."

त्यांनी बघितलं. वर्क पास राहिला. गोल सुरू व्हायला आणखी काही मॅच जाव्या लागल्या, पण ते सुरू झाले. कुलबीर त्या क्लबात पुढची कित्येक वर्षं खेळला आणि नंतर तिथल्याच मुलांना शिकवायला लागला. मुलगी आता बापाशी पंजाबीत कमी आणि 'लाह'मध्ये जास्त भांडते, असं तो फोनवर तक्रारीच्या सुरात सांगतो. तक्रार अर्थातच खोटी असते.

मी पुढे माझ्या डिपार्टमेंटची हेड झाले. बाहेरून मोठमोठ्या नावाची माणसं रुजू व्हायची. सगळे त्यांच्यापुढे दबून असायचे. मी पहिल्याच दिवशी, सगळ्यांदेखत, त्यांची एखादी बारीकशी चूक काढायचे, म्हणजे बाकीच्यांचीही तोंडं उघडायची. रागावले बरेच. सोडून कोणी गेलं नाही.