सिस्टरची सारवलेली खोली

जिंतूरच्या शाळेत शिकवणाऱ्या सत्यशीलेला इटालियन येत असे, पण गावात ते सांगून कुणाला खरं वाटत नसे. लहानपणी ती मिशनच्या दवाखान्याच्या ओसरीवर इटलीहून आलेल्या सिस्टर आग्नेसेंजवळ शेंगा सोलत बसायची, आणि सिस्टर तिला आपली भाषा शिकवायच्या. त्या सांगायच्या, मोठ्यांकडे थेट काही मागू नये. आधी ‘से’, म्हणजे ‘जर’, म्हणावं आणि मग क्रियापद हळुवार वळवावं. ‘तोर्नास्से’, परत आल्या तर. तो शब्द उच्चारला की दुपार धुक्यात शिरल्यासारखी होई. जे नाही तेही शेजारी येऊन बसे.

सिस्टर उपचारांसाठी इटलीला गेल्या, त्याला १९७४ साली दोन वर्षं झाली. त्यांना पुन्हा इकडे पाठवायचं की नाही, हे तिथल्या मठाच्या मदर ठरवणार होत्या. सत्यशीलेची आई सरजाबाई हिनं वीस वर्षं सिस्टरांच्या जोडीनं बाळंतपणं केलेली. ती लेकीला पत्र सांगायला बसली.

“लिही, सिस्टरची खोली सारवून ठिवलीय. दर आठ दिवसाला सारवायलेय.”

“माय, मदरला असं लिहीत न्हाईत.”

“मग कसं लिवतेत?”

“सिस्टर परत आल्या, तर आम्ही आपले ऋणी राहू.”

“आल्या तर? लय शिकलीस बाई! तिची चप्पल अजून दाराशी हाय, अन् तू ‘तर’ करायलीस.”

तीन कच्चे खर्डे करून सत्यशीलेनं पत्र पाठवलं. एकही क्रियापद चुकलं नाही. खोली मात्र तिनं गाळली.

दोन महिन्यांनी मदरचं उत्तर आलं. भाषेचं कौतुक होतं. पुढे विचारलं होतं, ‘या वयात सिस्टरनं तिथे राहावं कुठे? कुणी तिची वाट पाहतं का, हे आपल्या पत्रातून कळत नाही.’

सत्यशीला त्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. ओल्या जमिनीवर आईच्या बोटांच्या अर्धगोल रेघा उमटल्या होत्या, एकीला लागून दुसरी, पार भिंतीपर्यंत. मग तिनं आईचं वाक्य जसंच्या तसं इटालियनमध्ये उतरवलं. चपलेसकट. त्यात एकही ‘से’ नव्हता.

पुढचं पाकीट आलं तेव्हा कापसाची वेचणी चालू होती. मदरच्या दोन ओळींखाली वाकड्यातिकड्या देवनागरीत लिहिलं होतं, ‘सरजा, जानेवारीत निघते. आता सारवू नको. मी आल्यावर दोघी सारवू.’

सरजाबाईनं ते लेकीकडून दोनदा वाचून घेतलं.

“गुडघे धड न्हाईत, अन् म्हणं सारवू,” ती म्हणाली, आणि शेण कालवायला बसली.