सात वाजेपर्यंत

फलाटबाई एका जागी बसत नाहीत. भाजी निवडायला बसल्या तर एक जुडी संपेपर्यंत खिडकी लावून येतात, गॅस बघून येतात आणि मघाशी लावलेली खिडकी उघडूनही येतात. गंमत म्हणजे अख्खी नोकरी त्यांनी एका खुर्चीत काढली. बस डेपोतली काचेची खोली, माइक, आणि कोणती बस कोणत्या फलाटावर लागेल याची कंट्रोलरने सरकवलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर असेल तेच वाचायचं, पदरचं काही घालायचं नाही, आणि वेळ लिहिलेली नसेल तर चिठ्ठी परत करायची. ‘वेळ नसलेली गाडी म्हणजे अफवा,’ असं त्या म्हणत. नाव पडलं ते तिथलंच.

निवृत्त झाल्यावर तो आवाज कामगारवाल्यांच्या प्रचाराच्या गाडीत बसला. पक्षाचं खरं नाव लांबलचक आहे, पण वॉर्डात कामगारवालेच म्हणतात. समोरचे ते दुकानवाले. यंदा तिसरे आले. दोघांच्या भांडणाला विटलेल्या लोकांनी काढलेला पक्ष, म्हणून त्यांना मधले म्हणू लागले. मधल्यांच्या सभेत खुर्च्या चांगल्या, भाषणं आटोपशीर, कोणी टेबलावर मूठ आपटत नाही. आणि पहिल्या रांगेत फलाटबाईंची धाकटी जाऊ.

जाऊ वरच्याच मजल्यावर राहते. बँकेतून निवृत्त. कामगारवाल्यांचे बॅनर इतकी वर्षं तिनेच रंगवले होते. एक दिवस ती चहा प्यायला खाली आली ती पदराला मधल्यांचा बिल्ला लावून.

“कंटाळा आला हो वहिनी. एक म्हणतो सगळं द्या, दुसरा म्हणतो काही देत नाही. कोणीतरी मध्ये नको?”

“मध्ये म्हणजे नक्की कुठे?”

“आता पाळणाघराचंच घ्या.”

पाळणाघराचं नाव निघताच फलाटबाई कप ठेवून उठल्या. नगरपालिकेचं पाळणाघर संध्याकाळी सातपर्यंत चालायचं. त्यांचा नातू तिथेच होता. मुलगा बोटीवर, सून औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला. ती सुटून गेटबाहेर येईपर्यंत दिवेलागण व्हायची. दुकानवाल्यांना ते बंद करून तिथे गाळे काढायचे होते. कामगारवाले म्हणत, हात लावून दाखवा.

“आम्ही म्हणतो, दुपारी एकपर्यंत चालवा,” जाऊ म्हणाली. “अर्धी जागा गाळ्यांना, अर्धी पोरांना. कोणाचंच अडणार नाही.”

“आणि एकनंतर पोरगं कुठे जाईल?”

“तुम्ही आहातच की घरी.”

फलाटबाईंनी निवृत्तीकडे फार काही मागितलं नव्हतं. दुपारी वाचनालयात जाऊन वर्तमानपत्रांवरून हुज्जत घालावी, पक्षाच्या कचेरीत पंख्याखाली बसावं, मोर्चा असेल तर पुढे होऊन आवाज द्यावा. बस्स. पण सासू-सासऱ्यांचं उरकून, मुलाचं करून, नवऱ्याचं आजारपण काढून मग कुठे ही घराबाहेरची दुपार त्यांच्या वाट्याला आली होती.

“म्हणजे तुमचा मधला रस्ता माझ्या स्वयंपाकघरातून जातो,” त्या म्हणाल्या.

“घ्या! साध्या बोलण्याचं भाषण करता तुम्ही,” म्हणत जाऊ हसत वर गेली. जाताना कप मात्र विसळून ठेवला.

प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात गाडीत नवा कागद आला. ‘पाळणाघर पूर्ण दिवस’ ही ओळ गेली होती. तिच्या जागी ‘पालकांच्या सोयीनुसार पाळणाघर’. फलाटबाई कागद घेऊन तडक कचेरीत गेल्या. उमेदवार वकीलबाई पत्रकांच्या ढिगाआडून म्हणाल्या, “मधले आपलीच मतं खातायत हो. दुकानवाल्यांचं एकही मत फुटत नाही. शिक्षक, बँकवाले, सगळे आपले. त्यांना आपण हट्टी वाटतो. जरा मऊ घेतलंय, एवढंच. निवडून आल्यावर करूच की.”

फलाटबाई गाडीत जाऊन बसल्या. माइक समोर आला की हातातला कागद आपोआप वाचला जायचा, तसा तोही वाचला गेला. पहिल्याच गल्लीत चपला शिवणाऱ्याच्या दुकानावरची खिडकी उघडली. कडेवर तान्हं घेतलेली एक बाई वाकून ओरडली, “फलाटबाई, सोयीनुसार म्हणजे किती वाजेपर्यंत?”

फलाटबाईंनी कागद उलटा केला, सुलटा केला. वेळ नव्हती. चिठ्ठी परत करायला समोर कंट्रोलर नव्हता. होता तो ड्रायव्हर, आणि तो तंबाखू मळत होता.

“संध्याकाळी सात वाजेपर्यंत,” त्या माइकमध्ये म्हणाल्या.

पुढच्या गल्लीतही म्हणाल्या. त्याच्या पुढच्या गल्लीत कोणी विचारायच्या आधीच म्हणाल्या.

“बाई, कागदावर आहे का ते?” ड्रायव्हरने विचारलं.

“कागद अपुरा आहे. तू गाडी हाक.”

संध्याकाळी वकीलबाई खवळल्या होत्या. “सगळ्या वॉर्डात सात सात करत हिंडलात! मधले आता घरोघर सांगतायत, बघा, हे कधी ऐकणार नाहीत म्हणून.”

“चुकलं असेल तर उद्या सुधारित घोषणा करते. डेपोत करायचोच आम्ही. फक्त वेळ द्या.”

“कसली वेळ?”

“किती वाजेपर्यंत ती.”

वकीलबाईंनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. बाहेर कोणीतरी खुर्च्या रचत होतं.

“सातच म्हणा,” त्या शेवटी म्हणाल्या.

“लिहून द्या.”

त्यांनी लिहून दिलं.

वकीलबाई थोडक्यात पडल्या. दुकानवाला आला. त्या दोघांत जेवढं अंतर होतं, त्याच्या कितीतरी पट मतं मधल्यांनी घेतली होती. नगरपालिकेत मात्र कोणालाच बहुमत नव्हतं. मधल्यांनी दुकानवाल्यांना पाठिंबा दिला आणि बदल्यात पाळणाघर मागून घेतलं. दुपारी एकपर्यंत.

“वाचवलं की नाही आम्ही?” जाऊ ठराव ऐकून धावतच खाली आली होती. “नाहीतर कुलूपच लागलं असतं.”

“तुम्ही उभेच राहिला नसतात तर वकीलबाई आल्या असत्या.”

“तुमच्या सातनेच पडल्या त्या!”

“तुमच्या एकने पडल्या!”

सून डबा घासत होती. तिने नळ बंद केला. “मी मधल्यांना दिलं,” ती म्हणाली.

दोघी तिच्याकडे वळल्या.

“भीती वाटली हो आई. सातच्या नादात हातचा एकही गेला असता तर? आमच्याकडे एक खाडा झाला की लगेच दुसरीला उभी करतात. आणि एकनंतर...” तिने डब्याचं झाकण पुसलं, पुन्हा पुसलं. “तुम्ही होताच.”

फलाटबाई खुर्चीवर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. पोरीवर त्यांना रागावता येईना. तिच्या जागी त्यांनी तरी काय केलं असतं, हे त्यांना धड ठरवता येईना, आणि तेच जास्त टोचत होतं.

अर्ध्या दिवसाचं पाळणाघर सुरू झालं त्या दुपारी त्यांनी नातवाला आणलं, आपलं दार ओलांडून वरचा जिना चढल्या आणि बेल वाजवली. जाऊ झोपेतून उठून आली.

“हे काय?”

“एकची गाडी. इथपर्यंतच आहे.”

“अहो वहिनी, माझी दुपार—”

“हो ना? मलाही होती. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. मधला रस्ता.”

नातू तोवर आत जाऊन टेबलावरचं कापड ओढू लागला होता. जाऊ तिकडे धावली, आणि फलाटबाई खाली उतरल्या.

रस्त्यावर आल्यावर मात्र पाय कुठे न्यावेत कळेना. वाचनालयापाशी जाऊन त्या आत न शिरताच फिरल्या. कचेरीला कुलूप होतं. मग पाळणाघराच्या बंद फाटकाशी आल्या. चपलांच्या दुकानावरची बाई तिथे तान्ह्याला घेऊन उभी होती. हातात कामाची पिशवी.

“फलाटबाई,” ती म्हणाली, “तुम्ही तर सात म्हणाला होतात.”

“म्हणाले होते.” त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. “चल.”

“कुठे?”

“आमच्या घरी. वरच्या मजल्यावर मधल्यांची कार्यकर्ती राहते. एक ते सातचं काय, ते तिलाच विचारू.”

बाईला त्यांच्या चालीने चालवेना. घराखाली पोचल्या तेव्हा जाऊ वर खिडकीत होती. केस सुटलेले, कडेवर नातू, त्याच्या मुठीत तिचा चष्मा.

“वहिनी! अहो, आता हे कोण?”

फलाटबाई जिना चढायला लागल्या होत्या.