मामीच्या हाताला येईल तिथे

दुकान उघडलं की पुंजाजीमामा रोज आधी डोळे मिटून पक्कड उचलायचे आणि डोळे मिटूनच जागेवर ठेवायचे. मग चहा मागवायचे.

सेनगावात त्यांचं मोटारी भरायचं दुकान होतं. शेतातल्या विहिरींवर जळालेल्या मोटारी यायच्या. मामा जुनी तार उपसून नवी तांब्याची भरून द्यायचे. तारेचे वेढे चतुरामामी गुंडाळायची. फुफ्फुसं आता फार दिवस साथ देणार नाहीत असं हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मामांनी दुकान सोडलं आणि सामान घरी आणलं. आपण गेल्यावर मामीनं घरात बसूनच काम करावं, दुसऱ्याच्या दुकानात मजुरीला जाऊ नये, एवढं त्यांना हवं होतं. बाजारातून काय आणायचं ते सांगावं, तसं त्यांनी ते सांगितलं. मामीनंही तसंच ऐकून घेतलं.

पुढच्या खोलीत त्यांनी चुन्यानं जमीन आखली. जड मोटार दाराशीच उघडायची, आत ओढायची नाही. तार खिडकीच्या उजेडात. भरलेल्या तारेवर ओतायचं वार्निश बाहेर, चुलीपासून लांब. घडीघडीला लागेल ते बैठकीजवळ, कधीमधी लागेल ते वर. फळ्या ठोकून झाल्यावर त्यांनी मामीला मधल्या पाटावर बसवलं.

"डोळे मीट. पक्कड घे."

मामीचा हात नुसत्या भिंतीवर आपटला.

"तुमच्या हाताला बराबर हाय. माझ्या न्हाई."

मामा फळीकडे बघत राहिले. सगळी मांडणी त्यांनी स्वतः पाटावर बसून, स्वतःचा हात लांबवून केली होती.

खोकत खोकत त्यांनी फळ्या उपटल्या. या वेळी मामीनं हात पसरले आणि बोटं पोचतील तिथे त्यांनी रेघ ओढली.

"लग्नात माप घेतलं न्हाई, झंपर आखूड आलं. आता घेऊन राहिले," मामी म्हणाली.

"तवा घाई तुझ्या भावालाच व्हती."

फळ्या त्या रेघेवर, आधीपेक्षा खाली ठोकल्या. पुढे मामा दाराजवळच्या खाटेवरून काम सांगू लागले. हळूहळू सांगणंही कमी झालं.

ते गेले त्याच दिवशी, दुपारी मामी एक मोटार भरत होती. पक्कड, कात्री, तारेखाली घालायचा कागद, सगळं तिनं बसल्या जागेवरून घेतलं. एकदाही उठली नाही. मामा खाटेवरून बराच वेळ बघत होते.

"पाय आखडला असंल," ते म्हणाले. "पाट जरा मागं घे."