सीलवाल्याचा अंगठा

आमचे हे वीज कंपनीत मीटर तपासायचे. लोक सील तोडून मीटरच्या आत काड्या करतात आणि वरून पुन्हा बंद करून साळसूदपणे उभे राहतात, ते पकडायचं ह्यांचं काम. शिशाच्या सीलवर अंगठा दाबायचा. बोटाखाली जरा हललं की समजायचं, इथे पाणी मुरतंय. ऑफिसात ह्यांना सगळे सीलवालेच म्हणत. हे निवृत्त झाले, पण अंगठा काही निवृत्त झाला नाही. औषधाची बाटली असो की बिस्किटाचा पुडा, आधी दाबून बघणार. मी स्वयंपाकघरातून "दूध उतू गेलं" म्हटलं, तरी उठून शेगडीपाशी येणार, स्वतः बघणार आणि मग म्हणणार, "हो, गेलंय." आता मी काय दुधाबद्दल खोटं बोलणार आहे?

अशा माणसाने मुलीच्या नव्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड निवडायचं अंगावर घेतलं. आमची मुलगी जाहिरातींसाठी हलती चित्रं बनवते. नव्या कंपनीने तिला सांगितलं होतं की घरी तगडं मशीन असेल तर घरून काम कर. सोमवारी नमुन्याचं काम येईल, ते वेळेत झालं तर ठीक, नाहीतर कंपनीच्या गावी ऑफिसात जावं लागेल. ते गाव इतकं लांब की वर्षातून एकदा भेट झाली तरी नशीब. तिला जायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला पाठवायला आमचाही जीव होत नव्हता. बाकीचे भाग तिने निवडले, पण मदरबोर्डचं नाव निघताच हे सरसावले. "सगळे भाग ज्याच्यावर बसणार, तो पाया. फसवतात ते तिथेच."

दोन दुकानं ह्यांनी नुसत्या नजरेने नापास केली. एकात दुकानदार फार गोड बोलला, म्हणून. दुसऱ्यात फार कमी बोलला, म्हणून. तिसऱ्याचा मालक जाड चष्म्याचा, थंड डोक्याचा. त्याने दोन बोर्ड समोर ठेवले.

"काका, प्रोसेसर दोन्हींवर बसेल. पण ताईंचं मशीन तासन्‌तास राबणार. ह्या स्वस्तातल्यावर प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग तापतात, मग मशीन आपोआप मंदावतं. हा दुसरा घ्या."

"मग स्वस्तातला विकायला ठेवलाय कशाला?"

"पत्रं टाइप करणारेही असतात ना, काका."

उत्तर पटलं, म्हणून ह्यांचा संशय आणखी वाढला. खोकं आमच्यादेखत फोडायला लावलं. प्रोसेसरच्या जागेवरचं काळं झाकण काढायला लावलं. आत केसासारख्या बारीक पिना, ओळीने. त्यांचा आणि बोर्डाच्या नंबराचा फोटो स्वतःच्या फोनवर काढला, दुकानदारालाही काढायला लावला. "उद्या कुणी शब्द फिरवायला नको." मुलगी लाजून खालीच बघत होती. दुकानदाराने झाकण लावलं आणि बजावलं, "ह्या पिनांना हात लावू नका. वाकल्या तर बोर्ड परत घेत नाही."

घरी आल्यावर मुलगी टेबल पुसायला फडकं आणायला गेली, तेवढ्यात हे बोर्ड घेऊन खिडकीपाशी बसले. मी विचारलं तर म्हणाले, "नंबर जुळवतोय. पॅक करताना तो एकदा काउंटरखाली वाकला होता."

मग मुलीने सगळं जोडलं. किती हळुवार हातांनी, मी समोर बसून बघत होते. बटण दाबलं. पंखे फिरले, पण पडदा काळाच. तिने पुन्हा सगळं सोडवलं, प्रोसेसर उचलला आणि दिवा जवळ ओढला. मधल्या काही पिना आडव्या झाल्या होत्या.

"बोर्ड बदलला," हे ओरडले. "मी म्हटलं नव्हतं, काउंटरखाली वाकला तो?" मग तिच्याकडे वळले. "का तुझ्याच हातून निसटला प्रोसेसर?"

"नाही बाबा. सरळ ठेवला मी."

"सरळ ठेवला असता तर पिना वाकल्या कशाने?"

मला असा राग आला ह्यांचा. सोमवारची धास्ती तिला, आणि वर उलटतपासणीही तिचीच.

हे तावातावाने फोन घेऊन आले, दुकानदाराला खोटं पाडायला. फोटो मोठा केला. नंबर तोच होता. म्हणजे बोर्डही तोच. आणि पिना एकूण एक सरळ. ह्यांनी फोटो आणखी मोठा केला, मग पुन्हा लहान.

"अहो," मी म्हटलं, "खिडकीत बसून झाकण काढलं होतंत?"

"बघितलं नुसतं."

"बघितलं की दाबलं?"

ह्यांनी फोन खाली ठेवला आणि उजवा हात खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी रविवार, दुकान बंद. ह्यांनी फोन करून इतकी गयावया केली की चष्मेवाला दुकान उघडायला कबूल झाला, आणि आम्ही सगळं मशीन घेऊन गेलो. भिंगाखाली बोर्ड धरून चिमट्याने तो एकेक पीन उभी करू लागला. "जमेलच असं नाही. माझी जबाबदारी नाही," म्हणाला. एरवी ह्या वाक्यावर ह्यांनी दुकान डोक्यावर घेतलं असतं. आता म्हणाले, "नसू दे."

मुलगी माझा हात धरून उभी होती. शेवटी त्याने प्रोसेसर बसवला, तारा जोडल्या. पडदा उजळला, अक्षरं आली. तेव्हा कुठे तिने माझा हात सोडला.

"जमलं तुमच्या नशिबाने," चष्मेवाला म्हणाला. "पुढच्या वेळी प्रोसेसर जपून ठेवा हां, ताई."

"तिने नाही," हे म्हणाले. "मी अंगठा लावला."

तो हसला. "काका, पोरीला पाठीशी घालताय. पहिल्यांदा जोडताना होतंच असं."

"अहो, मी सांगतोय ना."

"सगळे वडील असंच सांगतात."

आयुष्यभर लोकांना पुरावा मागत फिरलेला माणूस, आणि आता जवळ दाखवायला काही नाही. ह्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

"बाबा खरं बोलतायत," मुलगी म्हणाली.

"तुम्ही बघितलंत का त्यांना दाबताना?"

"नाही," ती म्हणाली. "पण ते म्हणतायत ना."

हे वळले आणि उगाचच फळीवरचे कीबोर्ड बघू लागले. घरी दारात चपला काढताना तिच्याकडे न बघताच म्हणाले, "काल तू म्हणालीस ना, सरळ ठेवला. तेव्हाच ऐकायला हवं होतं मी."