पालथा कागद

झेरॉक्सवाल्या मावशीचा एक नियम होता, गिऱ्हाइकाचा कागद वाचायचा नाही म्हणजे नाही. कागद हातात आला की पालथा, काचेवर ठेव, झाकण पाड, बटण दाब, विषय संपला. लोकांचे घटस्फोट, बदल्या, राजीनामे सगळं तिच्या हाताखालून जायचं आणि हिला पत्ता नाही.

तिची मोठी बहीण, ताई, दुकानामागच्या दोन खोल्यांत तिच्यासोबतच राहायची. ती जाम वैतागायची. "अख्ख्या गल्लीच्या भानगडी हातात, आणि तू भिंतीकडे बघत बसतेस! मी असते ना तिथे..."

"म्हणूनच तू नाहीस तिथे."

नियमाचं कारण होतं चर्च. रविवारी उपासना संपली की लोक मावशीकडे प्रार्थनेला यायचे, कारण देव तिच्या तोंडून बोलतो असं सगळी मंडळी मानायची. तिला स्वतःला त्याची धास्तीच जास्त. सकाळी उपाशीपोटी तासभर गुडघ्यांवर बसायची, तरी दहातल्या नऊ वेळा काहीच मिळायचं नाही. मग ती सरळ सांगायची, आज काही नाही. देवाच्या नावाने बोलायचं तर कागदावर दिसलेलं त्यात मिसळायला नको, एवढंच तिला कळायचं.

गुरुवारी नेमकं तेच झालं.

शाळेतले ड्रिल मास्तर फाइल घेऊन आले. एरवी आवाज मैदानभर, आज कुजबुज. "पटकन द्या मावशी. आणि मी आलो होतो हे आमच्या हिला बोलू नका." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, ते बाहेर गेले, आणि इकडे तिसरं पान मशीनने गिळलं. मावशीने झाकण उघडलं, चुरगळलेलं पान ओढून काढलं, पानाचा नंबर बघायला उलटं केलं आणि डोळा गेलाच. वर मास्तरांचं नाव. खाली कॅन्सर.

मास्तर घाईघाईत आत आले, दिसतील तेवढे कागद फाइलमध्ये कोंबून निघूनही गेले. चुरगळलेलं पान राहिलं तिच्या मुठीत.

शुक्रवारी तिने दोनदा चुकीचे सेट लावले. शनिवारी भाजीत मीठच नाही. ताई म्हणाली, "देवाने तोंडाची चवपण काढून घेतली का?" मावशी हसली नाही. त्यात चर्चच्या पाळकांचा फोन आला, "महिना झाला तुमच्याकडून देवाचं काही आलं नाही हो, लोक विचारतात."

आणि रविवारी समोर कोण, तर मास्तरांची बायको! हात धरले तिने मावशीचे, गच्च. "हे जेवत नाहीत, बोलत नाहीत. देव काही दाखवतोय का हो?"

आजूबाजूचे दहाजण जवळ सरकले. मावशीच्या जिभेवर शब्द तयार होते, तुमच्या घरात आजार लपलाय. खरंच होतं ना ते! बाईला कळलं असतं, उपचार लवकर झाले असते, पाळक खूश, मंडळी थक्क. वाईट काय त्यात? हे देव बोलतोय की मशीन?

"देवाने मला काही दाखवलं नाही," ती म्हणाली. मग तिला राहवलंच नाही. "आणि गेल्या वर्षी पाळकांच्या पुतण्याला नोकरी लागणार असं मी म्हणाले ना, त्याचं पत्र माझ्याच दुकानात झेरॉक्सला आलं होतं. मी वाचलं नव्हतं असं वाटतं. पण शपथेवर नाही सांगू शकत."

पाळकांचा चेहरा खर्रकन उतरला. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे सगळं झेरॉक्सच!" दोघंतिघं हसले. मास्तरांच्या बायकोने हात सोडले. ते सगळ्यात जास्त लागलं.

सोमवारी मावशी ते पान इस्त्री करून शाळेच्या मैदानावर गेली. पान बघून मास्तर पांढरेफटक पडले.

"वाचलंत?"

"वाचलं. चुकले मी, माफ करा."

"हिला सांगितलंत?"

"नाही. पण तुम्ही सांगा, मास्तर. काल ती माझ्यासमोर उभी होती आणि मी गप्प बसले, ते तुमचं ओझं होतं. मला ते झेपत नाही."

"तुम्ही कोण हो मला शिकवणाऱ्या?" ते ओरडले. मैदानातली पोरं थबकली. मावशी मान खाली घालून परत आली. वाटलं, संपलं, चर्चही गेलं आणि गिऱ्हाईकही.

मंगळवार, बुधवार कुणी चर्चवालं दुकानात फिरकलं नाही. गुरुवारी दुपारी मास्तरांची बायको आली. डोळे सुजलेले, हातात तीच फाइल.

"दोन सेट काढा. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचंय."

मावशीने सवयीने पहिला कागद पालथा केला. बाईने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"वाचा मावशी. मला यातलं निम्मं कळत नाही आणि हे नीट सांगत नाहीत. तुम्ही उगाच काही जोडणार नाही."

मावशीने स्टूल पुढे सरकवलं, कागद सरळ केला आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.